अडचणीचा दावा

भाडेकरू ठेवायचाच तर तो वाईट ठेवावा, अशी माझी सर्व घरमालकांना कळकळीची सूचना आहे. भाडं थकवणारा, आपल्या बिऱ्हाडात आणखी एक बिऱ्हाड घुसवणारा, भिंतीत खुंट्या ठोकून त्यांवर सायकल टांगणारा, आणि जमलं तर नळावर भांडणारा. असा भाडेकरू लाभलेला मालक कोर्टात ताठ मानेने जातो. माझ्या नशिबी मोघे आले.

दुसरं महायुद्ध संपता संपता मी डोंबिवलीला चार खोल्यांचं कौलारू घर बांधलं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या दोन खोल्यांत प्रभाकर मोघे आणि त्याची बायको हेमा. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एक दार होतं, ते आमच्या बाजूने कपाट लावून बंद केलेलं. मोघे शहाडच्या कारखान्यात होता. स्वभावाने इतका गरीब, की आमच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं असलं तरी आधी विचारायचा.

मी स्वतः ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून. कायदा आपल्याला कळतो असा माझा समज होता. तो तसा आणखी पुष्कळ वर्षं टिकला असता, पण आमच्या श्रीपादचं लग्न ठरू घातलं.

मुलगी ठाण्याच्या विठ्ठलराव गोळ्यांची, नाव सुमेधा. श्रीपादने तिला एकदाच पाहिली आणि त्यानंतर तो भाजीत मीठ नसलं तरी तक्रार करीनासा झाला. विठ्ठलराव घर बघायला आले. बसायच्या खोलीत मी आणि श्रीपाद निजतो, स्वयंपाकघरात माझी बायको मंदाकिनी आणि आमची मुलगी चित्रा, हे त्यांनी न सांगताच ओळखलं. चारी कोपरे बघून झाल्यावर ते म्हणाले, "जागेची थोडी अडचणच दिसते."

"छे हो, अडचण कसली!" आमची मंदाकिनी म्हणाली. "आम्हांला कधी जाणवलीसुद्धा नाही. घ्या, आणखी एक करंजी घ्या."

विठ्ठलरावांनी करंजी घेतली, पण बाहेर पडताना मला बाजूला नेऊन सांगितलं, "बेहेरे, मुलगा लाख आहे. पण मुलांना एक स्वतंत्र खोली हवी. तेवढी मोकळी करा आणि कळवा. साखरपुड्याला मी दुसऱ्या दिवशी येतो."

श्रीपाद दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा पाहून मी त्याच दिवशी मोघ्याकडे गेलो. मोघ्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"आप्पा, मी उद्या गेलो असतो हो. पण जाऊ कुठे? कल्याणला तीन ठिकाणी विचारून आलोय. सगळे आधी पागडी मागतात. खडवलीला एक खोली मिळतेय, पण तिथे आधीच्या भाडेकरूची म्हैस आहे आणि ती सोडायला तयार नाही." तो जरा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही असं करा, खुशाल दावा लावा. कोर्टाने सांगितलं की मला निघावंच लागेल, आणि तुमचा माझ्यावर राग आहे असंही कुणी म्हणणार नाही. हेमा, आप्पांना चहा टाक गं."

दावा लावण्याची सूचना प्रतिवादीकडून आली, असा हा माझ्या माहितीतला एकमेव खटला.

समोरच्या अण्णा लिमयांना हे मुळीच पटलं नाही. "दावाबिवा कसला? पाणी तोडा. कौलं काढा दोन. आठवड्यात पळेल."

"अहो, कौलं माझीच आहेत."

"मग काय झालं? परत बसवा!"

काळुरामचं मत अगदी उलटं होतं. ज्याच्याकडून मी जागा घेतली तो हा काळुराम. खाडीकडच्या मिठागराच्या एका बांधावरून त्याच्या घराण्याचा भाऊबंदांशी दावा चालू होता. बाप गेला तेव्हा वारसाहक्काने जमीन आणि दावा दोन्ही काळुरामकडे आले, आणि त्यातला दावा त्याला जास्त आवडत असे. तारखेच्या दिवशी तो नवा फेटा बांधून, बैलांच्या शिंगांना तेल लावून निघायचा.

"आप्पा, तुमी भिऊ नका," तो म्हणाला. "माजा बा कोरटान गेला, मी जातंव, माजा पोऱ्या पन जाईल. कोरट म्हंजी काय वाईट जागा नाय. झाडाची सावली हाय, चाय हाय, चार मानसा भेटतान. माज्या गाडीन बसा, मी नेतंव तुमाना."

असा मी कल्याणला केळशीकर वकिलांकडे पोचलो. वकील हाडाचे हुशार. त्यांनी पानाला चुना लावता लावता सवाल सुरू केले.

"भाडं किती थकलंय?"

"थकलेलं नाही. पहिल्या तारखेला सकाळी आणून देतो. मी अंघोळीला गेलेला असलो तर बाहेर थांबतो."

"बरं. पोटभाडेकरू?"

"नाही."

"जागेचा गैरवापर? शिकवण्या, पिठाची गिरणी, जुगार?"

"त्याची बायको जाईचा गजरा करते. पण तो आमच्याच मंडळींसाठी."

"परवानगीशिवाय बांधकाम?"

"जाईला मांडव घातलाय. आमच्या मंडळींनीच घालायला लावला."

वकिलांनी पान तसंच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "बेहेरे, असा भाडेकरू ठेवलातच कशाला? या माणसाला काढायचा कसा?" मग पान तोंडात गेलं आणि त्यांना जरा धीर आला. "एकच रस्ता उरतो. स्वतःची गरज. मालकाला राहायला जागा खरोखर हवी आहे, प्रामाणिकपणे हवी आहे, हे सिद्ध करायचं. पण तेवढ्यावर भागत नाही. कोर्ट दोन्ही बाजूंची अडचण बघतं. जागा न मिळाल्याने तुमची अडचण मोठी, की जागा गेल्याने त्याची मोठी? ज्याची मोठी, तो जिंकला. तेव्हा आजपासून तुम्ही अडचणीत आहात. उठता-बसता अडचणीत. घरी सांगून ठेवा."

मी घरी सांगून ठेवलं. मंदाकिनी म्हणाली, "बरं." ती 'बरं' म्हणते तेव्हा तिने ऐकलेलं नसतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही दर वेळी उशिरा आठवतं.

दाव्याच्या आधी नोटीस द्यावी लागते. वकिलांनी इतकी कडक भाषा घातली की वाचताना माझा मलाच राग आला. नोटीस रजिस्टरने मोघ्याच्या नावावर निघाली. मोघे कामावर, हेमा दळण आणायला गेलेली. पोस्टमन भिवा दुपारी आला आणि नेहमीप्रमाणे आमच्या दारात थांबला. मोघ्यांचं टपाल मंदाकिनीने घ्यायचं आणि आमचं हेमाने, हा दोन घरांचा जुना रिवाज. मंदाकिनीने सही केली, नोटीस साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि संध्याकाळी वाटीभर मेथांब्याबरोबर पोचती केली.

पोचपावती पाहून केळशीकर खुर्चीतून उठलेच. "प्रतिवादीला दिलेली नोटीस वादीच्या बायकोने घेतली? अहो, ही बजावणी कोर्टात कशी दाखवू? तुम्ही तुमच्याच बायकोला घर खाली करायला सांगितलंय!"

"पण तिने ती मोघ्यांना दिली."

"मेथांब्याबरोबर!" वकील म्हणाले. हा तपशील मी त्यांना सांगायला नको होता.

दुसरी नोटीस पाठवली. या वेळी मोघ्याने रजा काढली आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून भिवाची वाट पाहिली. पुन्हा घोटाळा नको, म्हणाला. मुदत संपली, दावा दाखल झाला, बेलीफ समन्स घेऊन आला, मोघ्यानेही रिवाज म्हणून एक वकील दिला आणि तारखा सुरू झाल्या.

तारखेला जाताना काळुरामच्या गाडीत मी आणि मोघे शेजारी शेजारी बसायचो. एकाच घरातून एकाच वेळी एकाच कोर्टात जायचं तर दोन वाहनं कशाला? मंदाकिनी दोघांचा मिळून एकच डबा द्यायची, कारण तिच्याकडे डबा एकच होता. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसून आम्ही तो खायचो. एकदा केळशीकरांनी ते पाहिलं आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"बेहेरे, जज्जसाहेबांची खोली या बाजूला आहे. खिडकीतून चिंच स्पष्ट दिसते. निदान आवारात तरी भांडा."

पुढच्या तारखेला आम्ही भांडायचं ठरवलं. गाडीत थोडी तयारीही केली. चिंचेखाली मोघे मोठ्याने म्हणाला, "मी जागा सोडणार नाही!" मी म्हणालो, "मी सोडवल्याशिवाय राहणार नाही!" यापुढे दोघांनाही काही सुचेना. मग मोघे हळूच म्हणाला, "आप्पा, तुमच्या पोळीला मुंगी लागलीय." भांडण तिथेच मिटलं. काळुराम मात्र बेहद्द खूष होता. "कायपन बोला, आप्पाचा आवाज मोटा हाय," असं तो तिथल्या चार पक्षकारांना सांगत हिंडला.

एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. विठ्ठलरावांची पत्रं आधी महिन्यातून दोनदा यायची, पुढे एकदा, आणि मग एका पत्रात कोणा इंजिनियर मुलाचा सहज म्हणून उल्लेख आला. ते पत्र वाचल्यावर श्रीपाद दोन दिवस नीट जेवला नाही. आतापर्यंत खटला माझा होता. पण वेळ चालली होती ती त्याची.

त्यातच हेमाला दिवस गेले. मंदाकिनीने आनंदाने गूळ वाटला. लिमये धावत आले. "बघितलंत? प्रतिवादीने अडचण वाढवली! आता तुम्हीही काहीतरी करा."

"या वयात?" मी म्हणालो. लिमये विचारात पडून परत गेले.

इकडे मोघ्याच्या वकिलाने अर्ज दिला, की मालकाच्या खोल्या ऐसपैस आहेत, हवं तर कोर्टाने माणूस पाठवून पाहावं. कोर्टाने दिघे नावाच्या एका तरुण वकिलाला कमिशनर नेमलं. त्याने घरी येऊन खोल्या मोजायच्या, नकाशा काढायचा, काय दिसलं ते लिहायचं. येण्याचा गुरुवार ठरला. केळशीकरांनी बजावलं, "त्या दिवशी घर भरलेलं दिसलं पाहिजे. पाऊल टाकायला जागा नको." मी माळ्यावरची सगळ्या ट्रंका, पाटे, फुटकी घंगाळं खाली काढून खोलीत रचली. कमिशनर आला नाही. त्याला ताप होता, पुढच्या गुरुवारी येईन असा निरोप आला. कोर्टाची तारीख पुढे गेली म्हणजे ती चांगली दोन-तीन महिने जाते, या अनुभवावर विसंबून मी तो निरोप मनावरच घेतला नाही. घरात तर बोललोही नाही. ट्रंका परत माळ्यावर गेल्या.

हेमाला आई नव्हती. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचं कोणी? अर्थात वादीच्या बायकोने. मंदाकिनीने चांगला दिवस पाहिला, तो नेमका पुढचा गुरुवार निघाला. मोघ्यांच्या खोल्या अंधाऱ्या, म्हणून समारंभ आमच्याकडे. इतकंच नव्हे, तर येण्याजाण्याला बरं पडावं म्हणून श्रीपादने मधलं कपाट सरकवून बंद दारही उघडलं. विठ्ठलराव, त्यांची मंडळी आणि सुमेधा यांनाही बोलावणं गेलं. घरात काही शुभ होतंय हे त्यांना दिसावं, एवढाच मंदाकिनीचा हेतू.

गुरुवारी दुपारी दिघे कमिशनर फीत, कागद आणि कोर्टाचा शिपाई घेऊन आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा आत हेमा फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती आणि तिच्याभोवती सगळी आळी बसली होती. बायका भिंतीला टेकून, बायका स्वयंपाकघरात, बायका उंबऱ्यावर. पेढा की बर्फी, हे ओळखण्यासाठी दोन झाकलेल्या वाट्या हेमापुढे ठेवल्या होत्या. अंगणात विठ्ठलराव, मोघे आणि मी सरबत पीत होतो. माझा पेला हातातून सुटला.

"या, या!" मंदाकिनी दारात आली. "पानं वाढतच होते. बसा."

"मी कोर्टाचा कमिशनर आहे," दिघे म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मला जागेची पाहणी करायची आहे. पण आज आपल्याला अडचण असेल तर..."

माझ्या जिवात जीव आला. मी तोंड उघडणार तोच मंदाकिनी म्हणाली, "अडचण कसली! आणखी इतकीच माणसं आली तरी मावतील आमच्याकडे. या आत!"

दिघ्याने ते शब्द लिहून घेतले. मी स्वतः पाहिले. मग मापं सुरू झाली. फितीचं एक टोक लिमयेकाकूंनी धरलं, दुसरं चित्राने. गर्दी फार आहे हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम दोन बायकांच्या मधून अंग चोरून गेलो, तर त्या लगेच सरकल्या आणि म्हणाल्या, "पुष्कळ जागा आहे आप्पा, बसा ना." मी केलेला प्रत्येक प्रयत्न आमच्या आळीच्या चांगुलपणाने हाणून पाडला.

जाताना मंदाकिनीने दिघ्यापुढे पान मांडलं. तो बिचारा ओशाळला. "नको काकू. पक्षकाराकडचं पाणीही मला चालत नाही." जिलबीकडे एकदा बघून तो निघून गेला. विठ्ठलरावांनी हातातला सरबताचा पेला ओट्यावर ठेवला आणि सुमेधाला हाक मारली, "चल, निघू या." सुमेधा जाताना श्रीपादकडे बघत होती आणि श्रीपाद जमिनीकडे.

शेवटच्या तारखेला केळशीकरांचा चेहरा उतरलेला होता. अहवाल वाचताना जज्जसाहेबांनी दोनदा चष्मा पुसला. शेवटची साक्ष झाली ती मंदाकिनीची. तिला बोलवायचं नाही असं वकिलांनी ठरवलं होतं, पण जज्जसाहेबच म्हणाले, "अहवालात ज्यांचे शब्द आहेत, त्या बाई आल्यात का?" ती बाहेर डबा घेऊन बसलेली होतीच. पट्टेवाल्याने पुकारा केला, शपथ झाली.

मोघ्याचा वकील हसत हसत उठला. "बाई, शपथेवर सांगा. 'अडचण कसली,' असं आपण कमिशनरसाहेबांना म्हणालात?"

"म्हणाले."

"म्हणजे आपल्याला अडचण नाही?"

मी डोळे मिटून घेतले.

"दारात आलेल्याला तसंच म्हणायचं असतं," ती म्हणाली. "मी लग्न होऊन गिरगावात आले तेव्हा एक खोली होती. सासूसासरे, दोन दीर, एक नणंद आणि आम्ही. वर्षभर मी यांच्याशी मोकळेपणी दोन शब्द बोलले नाही. कुठे बोलणार? माहेरची माणसं विचारायची, काही अडचण नाही ना गं? मी म्हणायचे, छे, अडचण कसली! आता माझ्याकडे सून येईल. तिला कोणी विचारलं तर तीही हेच म्हणेल. म्हणून तिच्यासाठी खोली हवी. ती मागणार नाही ना, म्हणून."

इतके महिने मी आपल्या अडचणीचा दावा घेऊन फिरत होतो, आणि हिची अडचण मला कोर्टात, तीही शपथेवर, कळत होती.

मोघ्याच्या वकिलाचं हसू जरा कमी झालं, पण त्याने आपलं काम केलं. "आणि मोघ्यांना बाहेर काढलं तर त्यांची अडचण?"

"त्यांची तर फारच मोठी," मंदाकिनी लगेच म्हणाली. "पोर आठव्यात आहे. तिला आई नाही. त्यांना कुठे पाठवायचं? मी पाठवू देणार नाही."

केळशीकरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. जज्जसाहेबांनी मात्र लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, की कायद्यात एक सोय आहे. जागेचा काही भाग मिळून मालकाची गरज भागत असेल आणि भाडेकरूही बेघर होत नसेल, तर कोर्ट तेवढ्याच भागाचा हुकूमनामा देऊ शकतं. मोघ्यांकडे दोन खोल्या आहेत. दोन्ही बाजूंचं काय म्हणणं आहे?

दोन्ही वकील उठायच्या आत मोघेच उभा राहिला. "साहेब, मधली खोली आप्पांना द्या. तिला खिडकी चांगली आहे. आम्हांला मागची पुरते. आणि मधलं दार तर श्रीपादने उघडलेलंच आहे."

अशा रीतीने मी अर्धा खटला जिंकलो. काळुरामला वाईट वाटलं. "यवड्यात संपला?" तो परतीच्या वाटेवर तीनतीनदा विचारत होता. "अपील करा ना आप्पा. माजी गाडी हाय."

मी त्याच संध्याकाळी ठाण्याला पत्र टाकलं. विठ्ठलराव शब्दाला जागले. ते दुसऱ्या दिवशी आले, मधल्या खोलीची खिडकी स्वतः उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहिली, आणि तिथेच साखरपुड्याची तारीख ठरली. वैशाखात लग्न झालं.

त्याआधी हेमाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. आता पाळणा टांगायचा कुठे? मोघ्यांच्या मागच्या खोलीत कडी एकही नाही. मधल्या खोलीच्या तुळईला मात्र मी घर बांधतानाच हौसेने दोन कड्या बसवून घेतल्या होत्या. पाळणा तिथे टांगला, नाव रतन ठेवलं. बारसं झालं, लग्नही झालं, पण पाळणा उतरेना. रतनला दुसरीकडे झोपच येत नसे. पाळण्यामागे हेमा येई, हेमामागे तिचं विणकाम, आणि कारखान्यातून आल्यावर मोघे.

श्रावणात केळशीकर वकील काळुरामच्या गाडीतून राहिलेले पेढे खायला आले, तेव्हा ते खोलीच्या दारात थबकले. "बेहेरे, ही खोली कोर्टाने तुम्हांला दिली ना? मग हा ताबा कोणाचा?"

"रतनचा," मी म्हणालो.

"हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घ्यायची असते. अर्ज द्या, बेलीफ येईल, पाळणा काढेल."

"लावा दावा," काळुराम पेढा खात म्हणाला. "मी साक्षीला येतंव."

मला वकिलांचं म्हणणं पटलं. शेवटी हा तत्त्वाचा प्रश्न होता. ज्या खोलीसाठी मी इतकी पायपीट केली, ती माझ्या सुनेला एकटीला मिळायला हवी. मी स्टूल आणलं, चढलो, आणि पहिल्या कडीला हात घातला.

"राहू द्या मामंजी," सुमेधा दारातून म्हणाली.

"नाही सुमेधा, संकोच करू नकोस. तुला अडचण होत असेल तर स्पष्ट सांग. या घरात आता अडचण सांगायची पद्धत सुरू झालीय."

"अडचण नाही हो." ती लाजून मंदाकिनीच्या मागे गेली. "पाळणा काढू नका. लागणारच आहे."

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. वकिलांना सर्वांत आधी कळलं, ते मोठ्याने हसले. श्रीपाद कुठेतरी नाहीसा झाला. मंदाकिनीने सुमेधाला जवळ घेतलं, डोळे पुसले, आणि मग नेहमीच्या आवाजात मला म्हणाली, "उतरा खाली, पडाल. आणि सातव्या महिन्यात त्या दिघे कमिशनरला आठवणीने बोलावणं करा. आता कोर्टाचं काही राहिलं नाही. मागच्या खेपेला उपाशीच गेला बिचारा."